थंडीत फर्नेस पुन्हा पुन्हा बंद पडते आणि घरात मांजरं आहेत

आमची फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारं गॅसचं यंत्र, सोमवारची सुट्टी बघून बंद पडते. पहिल्यांदा पडली १५ जानेवारी २०२४ ला. त्या वर्षी मकर संक्रांत आणि इथला मार्टिन ल्यूथर किंग दिन एकाच दिवशी आले होते. दुसऱ्यांदा २० जानेवारी २०२५, पुन्हा तोच किंग दिन. तिसऱ्यांदा १७ फेब्रुवारी २०२५, प्रेसिडेंट्स डे. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. तिन्ही वेळा बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि दुरुस्तीवाल्याचा दर सुट्टीचा. सुट्टी हा योगायोग होता. थंडी हा योगायोग नव्हता, हे कळायला मात्र मला तीन बिलं भरावी लागली.

घरात दोन मांजरं आहेत. चिंगी तेरा वर्षांची, किडनीच्या दुखण्याने खंगलेली, पाठीवरून हात फिरवला की मणके मोजता येतात. पांडू पाच वर्षांचा, सहा किलोचा, नसबंदी झालेला बोका. या दोघांमुळे मी बऱ्याच गोष्टी शिकले, आणि फर्नेस बंद पडायचं कारणही शेवटी यांच्याशीच येऊन थांबलं. ते खाली सांगते. घर आत्ता गार पडत असेल तर आधी तातडीचं वाचा.

पहिली पाच मिनिटं

घराचं तापमान ठरवणाऱ्या थर्मोस्टॅटचा पडदा कोरा असेल तर बॅटऱ्या बदला. फर्नेसजवळ किंवा तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी दिव्याच्या बटणासारखंच दिसणारं एक बटण असतं, ते कुणी दिवा समजून बंद केलंय का बघा (आमच्याकडे पाहुणे आले की हमखास होतं). ब्रेकर पडलाय का बघा. फर्नेसचं झाकण घट्ट बसलंय का तेही. ते जरा जरी सैल असलं तरी आतलं सुरक्षेचं बटण सुटतं आणि यंत्र मुकं होतं. फिल्टर ओढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर नवा घाला.

फर्नेस नव्या पद्धतीची असेल तर घराच्या बाजूच्या भिंतीतून दोन पांढरे पीव्हीसी पाइप बाहेर आलेले दिसतील. एक हवा आत घेतो, दुसरा जळलेला वायू बाहेर सोडतो. वाऱ्याने बर्फाचा ढीग येऊन ते बुजले की फर्नेस आपणहून बंद होते, आणि झालेलंच बरं. बर्फ हाताने काढा, फावडं मारू नका. थंडीत पीव्हीसी काचेसारखं तडकतं. मग फर्नेसची वीज बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा चालू करा. एकदा, फार तर दोनदा. सारखं चालू-बंद करून ती बरी होत नाही. आणि गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीच करू नका. बटणांना हात न लावता मांजरं पिंजऱ्यात घालून बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.

एवढ्याने चालू झाली नाही तर दुरुस्तीवाल्याला फोन लावा आणि मांजरांकडे वळा. घर लगेच गार होत नाही. आमच्याकडे पहिल्या रात्री अकराला ७० अंश फॅरनहाइट होतं, पहाटे सहाला ५३. हातात काही तास असतात. घाईघाईत जे केलं जातं त्यातच खरा धोका असतो.

घर नको, मांजर गरम ठेवा

धडधाकट, भरपूर केसांच्या मांजराला ५५ अंश फॅरनहाइटमध्ये काही होत नाही. ते नाक शेपटीत खुपसून झोपून जातं. पण मांजराच्या शरीराला ऊब टिकवायला जास्तीचे कष्ट पडत नाहीत ते तापमान साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या मे महिन्यातलं नागपूर. त्याखाली ते अंगातली चरबी जाळून भरपाई करतं. चिंगीच्या अंगात जाळायला चरबीच नाही. पिल्लं, म्हातारी, आजारी, वाळलेली आणि स्फिंक्ससारखी बिनकेसाची मांजरं यांच्यासाठी घड्याळ वेगळं चालतं. आमच्या घरी मी रेघ ओढून ठेवलीय: खोलीत ५० अंश फॅरनहाइटपर्यंत उतरलं की चिंगीला घेऊन घर सोडायचं, मग मित्राकडे असो की मांजरं चालणाऱ्या हॉटेलात.

तोवर एकच खोली निवडा, घरातली लहानात लहान, शक्यतो दक्षिणेकडे खिडकी असलेली. दोन्ही मांजरं, त्यांचं पाणी, खाणं आणि शी-शूचं खोकं सगळं तिथे आणा. दाराखालच्या फटीला टॉवेल लावा. उन्ह असेल तोवर पडदे उघडे, मावळलं की बंद. माणसंही त्याच खोलीत झोपलात तर उत्तम. चार जिवांची ऊब कमी नसते.

मांजराला गादीपेक्षा खोकं बरं. पुठ्ठ्याचं खोकं आडवं करा, मांजराच्या अंगापेक्षा किंचितच मोठं, आत लोकरीचं काहीतरी किंवा गोधडी. सासूबाई नाशिकहून येताना जुन्या साड्यांची गोधडी घेऊन आल्या होत्या, ती पांडूने पहिल्याच दिवशी बळकावली. इथल्या दुकानातल्या महागड्या मऊ बिछान्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खोकं जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर किंवा पलंगावर ठेवा. गार हवा खाली साचते.

आतून ऊब द्यायची तर गरम पाणी. रबरी पिशवी मात्र नको. मांजर खूश झालं की कणीक तिंबल्यासारखे पंजे चालवतं, आणि नखं रबरात गेली की आतलं पाणी त्याच्याच पोटावर. मी स्टीलची पाण्याची बाटली घेते, दुपदरी भिंतीची नव्हे, साधी, आपल्याकडे शाळेच्या दप्तरात असायची तशी. अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी, झाकण घट्ट, बाहेरून दोन जाड मोजे, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघायचं: सुखद वाटलं तर ठीक, हात काढावासा वाटला तर आणखी एक मोजा. बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झालं तर मांजर सरकू शकेल. वीज असेल तर सुती मोज्यात तांदूळ भरून गाठ मारून मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट. जास्त नाही, तांदूळ करपून पेट घेतात. माणसांचे विजेचे शेक देणारे पॅड मांजराखाली ठेवू नका. मांजराला भाजायला लागलंय हे ते उठून सांगेल असं आपल्याला वाटतं, पण अशक्त मांजर तिथेच पडून राहतं आणि कातडी भाजल्याचं दोन-तीन दिवसांनी केस गळायला लागल्यावर दिसतं.

किडनीच्या मांजरांना कातडीखालून सलाइन देणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण मी स्वतः चुकले होते. गारठलेल्या घरात ठेवलेली सलाइनची पिशवीही गारठते, आणि शंभर मिलिलिटर गार पाणी कातडीखाली गेलं की वाळकं मांजर आतून गार पडतं. चिंगी त्या दिवशी अर्धा तास थरथरत होती. आता पिशवी कोमट पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवते, दोनदा हलवते, मनगटावर थेंब टाकून बघते, मगच सुई.

खाणं नेहमीपेक्षा थोडं जास्त द्या, ओलं खाणं कोमट करून. पाणी कोमट ठेवलंत तर पितील. बोक्यांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे. थंडी, बदललेली खोली, अनोळखी माणसं, त्यात कमी पाणी, यातून बोक्यांची लघवी तुंबते. वारंवार शी-शूच्या खोक्यात जाऊन बसतोय, जोर करतोय आणि खोकं कोरडंच, असं दिसलं तर फर्नेस राहू द्या, आधी तातडीचा पशुवैद्य गाठा. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

नको ती ऊब

पहिल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढा मोठा ओव्हन आहे ना? लाव, आणि दार उघडं टाक. घटकेत ऊब येईल."

"अहो आई, गॅसचा आहे तो. धूर कुठे जाईल?"

"धूर कुठे दिसतोय त्याला?"

तोच तर प्रश्न आहे. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही. गॅसचा ओव्हन घर तापवायला लावणं, घरात कोळशाची शेगडी पेटवणं, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून उबेला बसणं, जनरेटर तळघरात किंवा खिडकीखाली लावणं, सगळ्याचा शेवट तोच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा ह्यूस्टनच्या परिसरात शेकडो लोक याच विषारी वायूने दवाखान्यात गेले, काही वाचले नाहीत. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब हवा. गाडी गरम करायची तर गॅरेजच्या बाहेर काढून. गॅरेजचं दार उघडं ठेवलंय म्हणून भागत नाही.

आमच्या इलिनॉय राज्यात २००७ पासून प्रत्येक झोपायच्या खोलीच्या १५ फुटांच्या आत या वायूचा अलार्म असणं कायद्याने सक्तीचं आहे. तो आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. कमी प्रमाणात वायू असेल तर तो तासन् तास गप्प राहतो. हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू (७० पीपीएम) असला तरीसुद्धा तो एक ते चार तासांनी वाजावा अशीच त्याची रचना आहे. मांजराची चाल झोकांडू लागली, हाक मारल्यावर मान उचलेना, उलटी झाली आणि त्याच वेळी तुमचंही डोकं जड असेल, तर थंडीचं कारण शोधत बसू नका. सगळ्यांनी बाहेर पडा.

हिटरबद्दल. पंख्याच्या किंवा लाल तारेच्या हिटरपेक्षा तेल भरलेला, रेडिएटरसारखा दिसणारा हिटर मांजरांच्या घरात बरा, कारण त्यात शेपटी घालायला लाल तारच नसते. तरी पडदे, अंथरूण आणि खोकं तीन फूट लांब. पिन थेट भिंतीत, एक्स्टेन्शनमध्ये कधीच नाही. १५०० वॅटचा एक हिटर इथल्या नेहमीच्या १५ अँपिअरच्या लाइनवर १२.५ अँपिअर खातो, म्हणजे त्याच लाइनवर दुसरा लावलात की अंधार. झोपताना बंद. काचेची गॅसची फायरप्लेस असेल तर काच इतकी तापते की पंजा टेकला की फोड येतो. जाळी नसेल तर मांजरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. मेणबत्त्यांचं सांगायला नको, शेपटी आणि ज्योत यांचं वाकडं जुनंच आहे.

सासूबाईंची दुसरी सूचना ओवा-कापराच्या पुरचुंडीची होती. चिंगी शिंकली म्हणून तिच्या खोक्याला बांधायची होती. बाळांना आपण हे पिढ्यान् पिढ्या करत आलोय, त्यामुळे नाही म्हणताना मलाच अवघड गेलं. पण कापूर मांजरांना विषारी आहे, निलगिरीचं तेलही. त्यांचं यकृत या गोष्टी आपल्यासारख्या पचवत नाही. कुणाला सर्दी झाली असेल तर वाफ घेणं, छातीला बाम चोळणं दुसऱ्या खोलीत, आणि त्यानंतर हात धुतल्याशिवाय मांजराला उचलू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. फर्नेस बंद पडली की प्लंबर सांगतात, नळ बारीक धारेने चालू ठेवा आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाका म्हणजे पाइप गोठणार नाहीत. बरोबरच आहे. पण त्या कपाटात असतं काय? नाली साफ करायचं ॲसिड, भांड्यांच्या यंत्राच्या गोळ्या, उंदरांचं औषध. दारं उघडण्याआधी ते सगळं उंचावर हलवा. आणि कुणी नालीत अँटिफ्रीझ ओतायचा सल्ला दिला तर सावध. गाडीच्या अँटिफ्रीझमधलं इथिलीन ग्लायकॉल मांजराने चमचाभर चाटलं तरी किडनी जाते. कॅम्पर गाड्यांसाठीचं गुलाबी, 'बिनविषारी' म्हणून विकतात त्यात बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. तेही मांजरांच्या रक्ताला घातक म्हणून अमेरिकेत मांजरांच्या खाण्यात घालायला बंदी आहे.

आणि कपडे वाळवायचं यंत्र. गार घरात सगळ्यात उबदार भोक तेच. दार उघडं राहिलं की मांजर आत जाऊन झोपतं. चालू करण्याआधी आत हात घालून चाचपा, नुसतं डोकावून भागत नाही. काळं मांजर काळ्या कपड्यांत दिसत नाही.

मांजर गारठलंय हे ओळखायचं कसं

मांजराचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. गार कान आणि गार पंजे एवढ्यावरून घाबरू नका, ते लवकरच गार होतात. थरथरणं ही सूचना आहे: ऊब वाढवा. थरथरणं थांबलं, पण मांजर ऊब घेऊन सैलावण्याऐवजी ताठ किंवा लुळं पडलं, हिरड्या फिकट झाल्या, श्वास संथ झाला, तर परिस्थिती बिघडली आहे. गुदद्वारातून मोजलेलं तापमान ९९ च्या खाली असेल तर पशुवैद्याला फोन, आणखी उतरत असेल तर थेट गाडीत. वाटेत मोज्यांतली बाटली पोटाशी आणि छातीशी, पायांशी नाही. चोळू नका, गरम पाण्यात बसवू नका, हेअर ड्रायर लावू नका. पिंजरा गॅरेजमध्ये ठेवायची सवय असेल तर मोडा. शून्याखालच्या पिंजऱ्यात गारठलेलं मांजर घालायचं म्हणजे काय, विचार करा.

मग ती पुन्हा पुन्हा बंद का पडत होती

पहिल्या वेळी आलेल्या माणसाने ज्योत ओळखणारी सळई घासली, यंत्र चालू झालं, पैसे घेऊन गेला. दुसऱ्या वेळी दुसऱ्या कंपनीच्या माणसाने प्रेशर स्विच (जळलेला वायू नीट बाहेर जात नसेल तर फर्नेस बंद करणारं सुरक्षेचं बटण) बदलला, चालू झालं, तोही गेला. दोघांनीही काम केलं नाही असं नाही, पण कारण दोघांनीही शोधलं नाही. तिसऱ्या वेळी आलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी झाकण उघडण्याआधी एकच विचारलं: सगळ्यात थंड दिवशीच बंद पडते का?

या फर्नेस जळलेल्या वायूतली वाफ थंड करून तिचीही उष्णता काढून घेतात. त्या वाफेचं पाणी होतं. ते एका लहान सापळ्यातून (नेहमी थोडं पाणी साचून राहणाऱ्या भागातून) आणि प्लॅस्टिकच्या नळीतून तळघराच्या मोरीत जातं. साध्या थंडीत फर्नेस अधूनमधून चालते, पाणी थोडं, नळी अर्धवट तुंबलेली असली तरी हळूहळू वाहून जातं. पारा शून्याखाली गेला की ती थांबतच नाही, दिवसाला काही गॅलन पाणी तयार होतं, नळीला आवरत नाही, पाणी मागे साचतं, प्रेशर स्विच उघडतो, ज्योत विझते. झाकणाच्या काचेतला दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो; झाकणाच्या आतल्या तक्त्यात त्याचा अर्थ लिहिलेला असतो. आमच्याकडे तिन्ही वेळा तो लुकलुकत होता, आणि मी ते कधी मोजलंच नव्हतं. तुम्ही मोजा. फोनवर त्याचा व्हिडिओ करून ठेवा, आलेल्या माणसाला दाखवा. काही तास बंद राहिली की पाणी उतरतं आणि फर्नेस पुन्हा चालते, म्हणून जो कुणी येऊन काहीही करेल त्याने दुरुस्त झाल्यासारखं वाटतं.

नळी कशाने तुंबली होती? मांजरांच्या केसांनी आणि त्यांच्या खोक्यातल्या मातीने. शी-शूचं खोकं आम्ही फर्नेसशेजारी ठेवलं होतं, मोरीपासून दोन फुटांवर. पांडू माती उकरतो तेव्हा अर्धी बाहेर उडते. ही गठ्ठे बांधणारी माती म्हणजे बेंटोनाइट, ओली झाली की फुगून चिखल होते. मोरीत उतरलेल्या नळीच्या तोंडाशी त्याची घट्ट बुचं बसली होती. वर सापळ्यात केसांचा चिकट गोळा. त्यातच फिल्टर एक इंची, बारीक विणीचा, मर्व्ह १३ चा (मर्व्हचा आकडा जितका मोठा तितकी गाळणी बारीक), पाकिटावर तीन महिने लिहिलंय म्हणून तीन महिने ठेवायचो. दोन मांजरांच्या घरात तो सहा आठवड्यांत नमद्यासारखा होतो. हवा कोंडली की यंत्र आतून तापून जास्तीच्या उष्णतेचा स्विच पडतो, आणि थंड हवा वाहत राहते, हे निराळंच दुखणं. आता मर्व्ह ८ चा लावते, दर महिन्याला बदलते, आणि कडेला मार्करने तारीख लिहिते.

त्या दिवशी आणखी एक झालं. गृहस्थ गाडीतून पाना आणायला गेले, खालचं झाकण उघडं. परत येऊन झाकण लावलं, बटण दाबायच्या बेतात होते, तेवढ्यात पंख्याच्या कप्प्यातून बारीकसा म्याव. पांडू आत. तेव्हापासून दुरुस्तीवाला येण्याआधी मांजरं खोलीत बंद, दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी, आणि झाकण लावताना मी स्वतः दोन्ही मांजरं मोजते.

खोकं आता जिन्याखाली, फर्नेसपासून भिंतीआड आहे. मातीही बदलली, पाइनच्या लाकडाच्या गोळ्या घेतो. पांडूने चार दिवस निषेध म्हणून गोधडीवर मुतून दाखवलं. दोन खोकी ठेवली, जुनी माती थोडी मिसळली, मग रुळला. ऑक्टोबरात, थंडी सुरू होण्याआधी, फर्नेस बंद करून मी नळी काढते, कोमट पाण्याने धुते, सापळ्यात पाणी भरून परत बसवते (सापळा कोरडा ठेवून चालत नाही), आणि एक बादली पाणी मोरीत ओतून ते किती वेगाने जातं ते बघते. यंदा पहिल्यांदा ओतलं तेव्हा मोरी अर्ध्यावरच थांबली. आत तीन वर्षांपूर्वीची मातीची ढेकळं अजून होती.